तोच पाऊस: आधी अलेप्पीत, मग आमच्या गच्चीवर

मालवी_सकाळ | २४ जून, रात्री १०:४०

परवा संध्याकाळी इंदूरला पहिला खरा पाऊस झाला. धुळीचं वादळ उठलं, सुदामा नगरात वीज गेली, आणि मी गच्चीवरच्या साबुदाण्याच्या पापड्या उचलायला धावले. सासूबाई माझ्या आधीच वर होत्या. पापड्या भिजत होत्या आणि त्या कठड्याला धरून नैर्ऋत्येकडे बघत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "पोचला बघ. आपल्या मागून एकोणीस दिवसांनी."

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

सासूबाईंनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर भारताचा नकाशा काढायचा आणि निळ्या खडूने खालून डावीकडून बाण आणायचे, नैर्ऋत्य मोसमी वारे. एक जूनला केरळ, मग कोकण, जूनच्या मध्यानंतर माळवा. एकतीस वर्षं हे बाण काढले आणि समुद्र एकदाही पाहिला नव्हता. कधी नणंदेचं लग्न, कधी दिराची फी, कधी बोर्डाचे पेपर तपासायचे. तक्रार म्हणून त्यांनी हे कधी सांगितलं नाही, म्हणून आम्हालाही कधी सुचलं नाही. सासरे गेले त्यानंतर त्यांचं कपाट आवरताना रेल्वेचं एक जुनं वेळापत्रक निघालं. अहिल्यानगरी एक्सप्रेसच्या पानावर सिटी बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. इंदूरहून थेट केरळला जाणारी गाडी. म्हणजे सासऱ्यांच्या मनात होतं.

नवऱ्याने त्याच दिवशी ठरवलं. आम्ही पाच जण: सासूबाई (वय ७४), आम्ही दोघं, दहावी झालेला मुलगा आणि नऊ वर्षांची लेक. दशम्या, लसणाची चटणी, शेव आणि जिरावणाची (आमच्या इंदुरी मसाल्याची) डबी घेऊन मेच्या शेवटी निघालो. दोन रात्रींचा प्रवास. सासूबाईंनी खिडकी सोडली नाही. नागपूरची संत्री, विजयवाड्याची कृष्णा, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना हलवून उठवलं, "बघा, पालघाटची खिंड. एवढी मोठी सह्याद्रीची भिंत, तिला इथे दार आहे." दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधून आमची गाडी सपाटीवरून चाललेली. मुलगा फोन ठेवून बघत बसला. ते मी पहिल्यांदा मनात नोंदवून ठेवलं.

अलेप्पीला एका घरगुती ठिकाणी उतरलो होतो. हाऊसबोट आधीच ठरवून पैसे भरले होते. आदल्या रात्री फोन आला की वाऱ्यामुळे बोट निघणार नाही, आणि पैशांचं नंतर बघू. ते "नंतर" अजून आलेलं नाही. मुलं हिरमुसली. घरमालकीण चेची (चेची म्हणजे ताई) म्हणाली, उद्या सकाळी सरकारी बोटीने जा. बसच्या तिकिटाइतक्या पैशात तेच कालवे, तेच पाणी.

त्या बोटीसाठी मी कोणाचे आभार मानू ते मला अजून कळलेलं नाही. केरळात शाळा जूनच्या सुरुवातीला उघडतात. बोटीत नवी दप्तरं, नवे गणवेश आणि नव्या छत्र्या घेतलेली मुलं भरलेली. कोणी भाजीची टोपली, कोणी गॅसचा सिलिंडर घेऊन चढत होतं. प्रत्येक धक्क्यावर एखादी आई मुलाला चढवून देई आणि बोट वळेपर्यंत उभी राही. या कुट्टनाड भागातली बरीच जमीन समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बोटीतून दिसतं, कालव्याचं पाणी वर आणि बांधापलीकडची खाचरं खाली. सासूबाई पुटपुटत होत्या, "पुस्तकात एक ओळ होती याची. एकच ओळ."

आणि मग वेंबनाड तलावाच्या दिशेने आभाळ खाली आलं. आवाज आधी आला, पाण्यावर पाणी पडण्याचा. खलाशांनी बाजूचे ताडपत्रीचे पडदे सोडले. सासूबाईंनी आपल्या बाजूचा पडदा धरून ठेवला, सोडू दिला नाही. अर्धी साडी भिजली. समोरच्या बाकावरची शाळेची मुलगी त्यांना बघून हसली आणि तिने आपली छत्री उघडून यांच्या अंगावर धरली. बोटीच्या आत, छपराखाली! सासूबाई रडत होत्या. मी एकवीस वर्षं या घरात आहे. सासऱ्यांच्या वेळीसुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर त्या चेचीच्या शेजारी बसलेल्या. तिकडची खोवणी म्हणजे बुटकं लाकडी बसकण, पुढे दात्यांचं पातं. आपल्यासारखीच, फक्त जास्त ऐसपैस. एकमेकींची भाषा दोघींना ओ की ठो कळत नव्हती. यांनी तिच्या हातून नारळ घेतला आणि खोवायला लागल्या. एक झाला, दुसरा झाला. आपल्याकडे नारळ म्हणजे पूजेचा, फोडला की चार दिवस पुरवायचा. तिथे रात्रीच्या एका भाजीला दोन. मुलाने उकडलेल्या टॅपिओकावर जिरावण भुरभुरवून चेचीला चाखवलं. तिने डबी हुंगली, बंद केली आणि सरळ आपल्या फडताळात ठेवली. आम्हाला फार आनंद झाला.

घरी आल्यावर सगळं होतं तसंच आहे. डबे, क्लास, कचरागाडीचं गाणं ऐकून धावणं, रविवारी पोहे-जिलबी. पण परवा गच्चीवर सासूबाई म्हणाल्या "पोचला", आणि मला ती छत्री आठवली. भिजलेल्या पापड्यांकडे माझं लक्षच गेलं नाही.

तुमच्याकडे असं काही आहे का? प्रवासातलं किंवा घरातलं. लिहा. मला वाचायचं आहे.

---

राजवाडा_ते_पुणे | २४ जून, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली. हॉस्टेलवर आहे, आजीला फोन करायला उशीर झालाय, सकाळी करतो.

---

हवापाणी_काका | २५ जून, सकाळी ७:०५

मालवी_सकाळ, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. एक गोष्ट त्यांना नक्की आवडेल. मान्सून केरळात आला हे हवामान खातं नुसत्या पावसाच्या सरीवरून ठरवत नाही. त्यासाठी १४ केंद्रं नेमलेली आहेत, मिनिकॉयपासून मंगळूरपर्यंत. १० मेनंतर त्यांपैकी निदान ६० टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडावा लागतो. शिवाय वाऱ्यांचा जोर आणि ढगांवरून अवकाशात जाणारी उष्णता पाहतात. आणि त्या १४ केंद्रांत अलप्पुळा, म्हणजे तुमचं अलेप्पी, आहे! तुम्ही जिथे बोटीत होतात, तिथलं पर्जन्यमापकही भरत होतं.

एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. माळव्यात येणारा पाऊस बराचसा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळेही येतो. त्यामुळे "तोच पाऊस" असं अगदी म्हणता येत नाही.

---

मालवी_सकाळ | २५ जून, सकाळी ९:३०

काका, सासूबाईंना वाचून दाखवलं. १४ केंद्रांचं ऐकून त्या उठून बसल्या आणि मला दोनदा वाचायला लावलं. दुरुस्तीवर म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. अरबी समुद्राची शाखा आणि बंगालची शाखा. मी दोन्हीकडून बाण काढायचे. पण त्यांना सांग, जो मला तिकडे भेटला त्याला मी इथे ओळखलं." जसं बोलल्या तसं लिहिलंय.

---

किल्ल्याखाली | २५ जून, दुपारी २:२०

ग्वाल्हेरहून. आमचा अनुभव अंदमानचा.

बाबा पहाटे साडेचारला उठतात, आयुष्यभर. घरी त्यांना सगळे दबक्या आवाजात रागावतात: भांडी वाजवू नका, दार हळू लावा. म्हणून ते अंधारात एकटे चहा करून एकटे पितात. मेमध्ये ग्वाल्हेरची भट्टी सोडून पोर्ट ब्लेअरला गेलो. तिथलं घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की पाच वाजता लख्ख उजाडतं. खिडकीतून ऊन येऊन सगळे जागे. पहिल्या सकाळी बाबा बाहेर व्हरांड्यात आले तर आम्ही सहाच्या सहा जण तिथे बसलेले. त्यांनी एकेकाकडे पाहिलं आणि विचारलं, "सगळ्यांना चहा टाकू?"

सेल्युलर जेल पाहिलं, समुद्र पाहिला, सगळं पाहिलं. पण बाबांना विचाराल तर ते तिथल्या पाच सकाळींबद्दल सांगतील. आता घरी आठवड्यातून दोनदा तरी मी साडेचारला उठते. ते कप दोन मांडूनच ठेवतात, मी उठो न उठो.

---

नवी_सून_नवा_गॅस | २५ जून, दुपारी ३:००

पावसाळ्यात वयस्कर माणसाला घेऊन जायचं म्हणजे मला धाकधूक वाटते. आमच्याही आईंना न्यायचं आहे. त्रास नाही झाला?

---

मालवी_सकाळ | २५ जून, दुपारी ४:१०

थोडा झाला, खोटं कशाला सांगू. कपडे वाळत नाहीत, म्हणून सुती साड्यांऐवजी पटकन वाळणाऱ्या घ्या आणि एक जोड जास्त ठेवा. रबरी तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या चपला हव्यातच. धक्क्यावरच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. बोटीत चढताना खलाशी हात देतात, फक्त घाई करायची नाही. औषधं दोन पिशव्यांत वाटून ठेवली होती. जोराच्या पावसाचा इशारा असेल त्या दिवशी बाहेर पडलो नाही, घरात पत्ते खेळलो. तो दिवस मुलांना सगळ्यात जास्त आठवतो. वीज गेली होती, चेचीने केळ्याचे काप तळून दिले, आणि सासूबाईंनी चक्क माझ्या नवऱ्याला मेंढीकोटमध्ये हरवलं.

---

सूरसागर_काठ | २६ जून, रात्री ९:५०

आम्ही बडोद्याचे. पाच पिढ्या गुजरातेत, घरात मराठी, दारात गुजराती, सकाळी शेव-उसळ. हे सांगतेय कारण पुढचं त्यावर आहे.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मॉरिशसला गेलो, आई-बाबांना घेऊन. समुद्र, प्रवाळ, उसाची शेतं, सगळं सुंदर. पण आईचं मन लागेना. गाडीवर विकायला असते ती दालपुरी तिने खाल्ली आणि म्हणाली, "गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी." नंतर एक दिवस तिथल्या एका गणपती मंदिरात गेलो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी लोकांचे वंशज तिथे आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

एक आजी बसल्या होत्या. त्या क्रिओल बोलत होत्या, आम्हाला एक शब्द कळेना. आईने मराठीत विचारलं, त्यांना मोजकं कळलं. मग आरती सुरू झाली. आणि त्या आजी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आमच्याबरोबर होत्या. काही उच्चार वेगळे, चाल थोडी लांबवलेली, पण एकही ओळ चुकली नाही. आरती संपल्यावर आईने त्यांचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही. दोघी नुसत्या बसून होत्या.

बडोद्याला परत आल्यापासून आई रोजच्या आरतीला नातवंडांना हाक मारते. आधी स्वतःच उरकून टाकायची. मुलं येतात, कधी एक, कधी तिघं. मोबाइल हातात घेऊन येतात, पण येतात. मी स्वयंपाकघरातून ऐकते.

---

गच्चीवरचा_पारवा | २८ जून, पहाटे ५:५५

लिहू की नको असा तीन दिवस विचार केला.

तुम्हा सगळ्यांचं वाचून बरं वाटलं, आणि थोडं दुखलंही. सहा वर्षांपूर्वी पत्नीला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून मी इंदूरच्या बाहेर गेलेलो नाही. घराबाहेरसुद्धा दोन तासांच्या वर नाही. कोणी "कृतज्ञ राहा" म्हणालं की मी गप्प बसतो. आभार मानायला सांगणं सोपं असतं. मालवी_सकाळताई, तुम्ही तसं कोणाला सांगितलं नाहीत, नुसतं विचारलंत. म्हणून लिहितोय.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड पहाटे येतं. १९७८ साली नर्मदा इंदूरला आली तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या गल्लीत लोकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून, घाट चढवून आणलेलं पाणी. पत्नी महेश्वरची. तिचं माहेर घाटापासून पाच मिनिटांवर, लहानपण नदीत गेलेलं. आता ती पाण्याच्या आधी जागी असते. नळाला आधी हवा येते, फुर्रर्र असा आवाज होतो, आणि ती डाव्या हाताने पलंगाचा दांडा वाजवते. तीन वेळा. मी आतल्या खोलीत असलो तरी मला कळतं. मग मी पहिली तांब्याभर धार घेतो आणि तिचा डावा हात त्यात बुडवतो. ती डोळे मिटून घेते.

आत्ताच पाणी आलं. तिने वाजवलं. तिचे हात पुसून हे लिहायला बसलो. प्रवासाचं माझ्याकडे काही नाही. एवढंच आहे.

---

किल्ल्याखाली | २८ जून, सकाळी ६:२०

काका, इकडे बाबांना वाचून दाखवलं. आम्ही दोघं चहा घेत होतो. नमस्कार.

---

मालवी_सकाळ | २८ जून, दुपारी १:१५

काका, मी सकाळपासून चार वेळा लिहून खोडलं. शेवटी सासूबाईंनी फोन हातातून घेतला आणि म्हणाल्या, "मी सांगते ते लिही." त्यांचे शब्द:

"तुम्ही प्रवासाचं काही नाही म्हणालात. कर्कवृत्त उज्जैनच्या किंचित वरून जातं. म्हणजे इंदूर त्याच्या खाली, उष्ण कटिबंधात. केरळ, अंदमान, मॉरिशस ज्या पट्ट्यात आहेत त्याच पट्ट्यात तुमचं अंगण आहे. या पट्ट्यातल्या प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. दिल्लीला हे कधी होत नाही. ग्वाल्हेरलाही नाही. आपल्याकडे एकदा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी होतं. केरळहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी नातीला दाखवलं मी. दुसऱ्यांदा जुलैच्या ५-६ तारखेला, दुपारी साधारण साडेबाराला. ढग असतात, पण बघा. तुमच्या पत्नीचा पलंग खिडकीपाशी किंवा अंगणात येत असेल तर आणा. एखादा सरळ उभट डबा सपाट फरशीवर ठेवायचा, ओळंब्यात. आणि वाट बघायची."

काका, आम्ही सुदामा नगरात आहोत. खुर्ची उचलायला माझा मुलगा येईल. हक्काने सांगा.

---

हवापाणी_काका | २८ जून, दुपारी ३:४०

वेळ अगदी बरोबर सांगितली आहे बाईंनी. इंदूर प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला आहे, म्हणून माध्यान्ह बाराला न होता साडेबाराच्या आसपास होते. सव्वाबारापासूनच बसा. ५ ला ढग आले तर ६ ला पुन्हा. एका दिवसाने फारसा फरक पडत नाही.

---

सूरसागर_काठ | २८ जून, रात्री १०:००

बडोदाही कर्कवृत्ताच्या खालीच. आमची तारीख जरा आधीची-नंतरची असेल. आई विचारतेय, डबा स्टीलचा चालेल का?

---

मालवी_सकाळ | २८ जून, रात्री १०:२५

चालेल म्हणतात. कडा सरळ हव्यात, खाली निमुळता नको.

---

गच्चीवरचा_पारवा | ६ जुलै, दुपारी २:३०

काल पूर्ण ढग होते. मालवी_सकाळताईंचा मुलगा आला, आम्ही दोघांनी चाकाची खुर्ची अंगणात आणली, तासभर बसलो, काही दिसलं नाही. मुलगा म्हणाला, "उद्या पुन्हा येतो, काका." मला वाटलं म्हणायचं म्हणून म्हणाला.

आज बाराला तो दारात उभा. बरोबर आजी, बहीण आणि गरम पोह्यांचा डबा. आजींनी फरशीवर पापडाचा डबा ठेवला, चारी बाजूंनी वाकून बघितलं, खाली कागदाची घडी सरकवली. पत्नी सहा वर्षांत कोणासमोर बाहेर बसली नव्हती. मी तिच्या खांद्यावर माहेश्वरी साडीचा पदर नीट घेतला. आजी खुर्ची ओढून तिच्या डाव्या बाजूला बसल्या आणि आम्ही जणू शेजारी असल्यासारख्या तिच्याशी महेश्वरच्या घाटाबद्दल बोलत राहिल्या. उत्तराची वाट न बघता, पण मध्ये थांबत.

बारा वीसला ऊन पडलं. डब्याची सावली आधी उत्तरेकडे बोटभर होती असं मी समजत होतो, आजी म्हणाल्या, "पश्चिमेला आहे बघा, बारीक." ती बारीक होत गेली. नातीने खडूने रेघा मारल्या. बारा तिसाला डब्याच्या बुडाशी काहीच उरलं नाही. चारी बाजूंना नुसतं ऊन.

कोणी काही बोललं नाही. मग खुर्चीच्या दांड्यावर आवाज आला. तीन वेळा.